सर्व्हरवरून स्टाइलशीट: एकच कोड, प्रत्येक साइटचा रंग वेगळा

एकाच कोडवर पंधरा शाळांच्या वेबसाइट चालवायच्या आहेत. मांडणी सगळीकडे तीच, पण प्रत्येक शाळेला आपापला रंग हवा, आपला फॉन्ट हवा, आणि तो बदलायची सोय अ‍ॅडमिन पॅनलमध्ये हवी. पंधरा सीएसएस फाइली करून ठेवल्या तर आजचं काम भागतं. पुढच्या महिन्यात मेनूची उंची बदलायची म्हटली, की पंधरा ठिकाणी हात घालावा लागतो, आणि सोळावी शाळा आली की पुन्हा कॉपी-पेस्ट. त्यापेक्षा रंग डेटाबेसमध्ये ठेवावेत आणि स्टाइलशीट सर्व्हरवरच्या कोडकडून तयार करून घ्यावी.

इथे पीएचपी धरून चाललो आहोत, कारण स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवरही ती असतेच. नोड किंवा पायथन वापरत असाल तर फंक्शनांची नावं बदलतील, बाकी सगळं तेच. तुम्हाला थोडंफार एचटीएमएल-सीएसएस येतं आणि झॅम्पसारखा लोकल सर्व्हर मशीनवर चालू आहे, एवढं गृहीत धरलं आहे. कोडमधले शब्द लेखात देवनागरीत लिहिले आहेत. फाइलमध्ये ते रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे.

आधी, गरज आहे का ते बघा

पूर्वी सर्व्हरवर करावी लागणारी बरीच कामं आता सीएसएस स्वतःच करते. रात्रीची गडद थीम हवी असेल तर ‘प्रिफर्स-कलर-स्कीम’ ही मीडिया क्वेरी पुरते. साइट मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असेल तर ‘लँग’ हा सिलेक्टर आहे. मराठी मजकुराला ओळींमधलं अंतर जास्त द्यायचं (वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, त्यांना जागा लागते) आणि अक्षरांमधलं अंतर शून्यावर ठेवायचं. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची अक्षरं सुटी-सुटी दिसतात. हे दोन्ही नियम साध्या फाइलीत कायमचे लिहून ठेवता येतात, त्यासाठी पीएचपीला उठवायचं कारण नाही. बटणावर माउस नेल्यावर रंग जरा गडद करायचा असेल तर २०२३पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत ‘कलर-मिक्स’ चालतं.

सास (२००६) आणि लेस (२००९) ही साधनंही वेगळ्या कामाची. ती साइट वर चढवण्याआधी, तुमच्या मशीनवर सीएसएस तयार करतात. डेटाबेसमध्ये काल रात्री कोणी कोणता रंग निवडला, हे त्यांना ठाऊक नसतं.

म्हणजे सर्व्हर लागतो तो एवढ्यासाठीच: किंमत (म्हणजे निवडलेला रंग, फॉन्ट किंवा माप) डेटाबेसमध्ये आहे, कोणीतरी ती फॉर्ममधून बदलणार आहे, आणि बदलल्यावर कोडला हात न लावता साइट बदलायला हवी.

पहिली फाइल

‘रंग डॉट पीएचपी’ अशी एक फाइल करा (नाव रोमनमध्ये). पहिल्या ओळीत पीएचपीचा उघडणारा टॅग. दुसऱ्या ओळीत ‘हेडर’ हे फंक्शन आणि त्याच्या कंसात, अवतरणात, ‘कॉन्टेन्ट-टाइप: टेक्स्ट/सीएसएस; चारसेट=यूटीएफ-८’. तिसऱ्या ओळीपासून ‘एको’ करून नेहमीची सीएसएस छापा, समजा बॉडीची पार्श्वभूमी पिवळी. मग पानाच्या हेडमध्ये नेहमीचा ‘लिंक’ टॅग टाका, फक्त एचरेफमध्ये सीएसएस फाइलीऐवजी या फाइलीचं नाव. पान पिवळं झालं की पाया झाला.

दुसरी ओळ गाळू नका. पीएचपी काहीही छापते तेव्हा ‘हे एचटीएमएल आहे’ असंच सांगते, तो तिचा मूळ स्वभाव आहे. पानाच्या डोक्यावर डॉकटाइप नीट लिहिलेला असेल, तर ब्राउझर एचटीएमएल म्हणून आलेली फाइल स्टाइलशीट म्हणून स्वीकारत नाही. पानावर काहीच दिसत नाही. कन्सोल उघडला तर तिथे माइम टाइप (फाइल कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारी खूण) चुकल्याचा एक लाल किंवा पिवळा निरोप असतो. फाइलीच्या नावाच्या शेवटी काय आहे याच्याशी ब्राउझरला देणंघेणं नसतं, तो हेडर (फाइलीच्या आधी सर्व्हर पाठवतो ती माहितीची ओळ) बघतो.

हेडर सगळ्यात आधी गेला पाहिजे. उघडणाऱ्या टॅगच्या आधी एक मोकळी ओळ राहिली, किंवा नोटपॅडने फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारी बीओएम खूण घातली, तर ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ म्हणून तक्रार येऊ शकते. एडिटरमध्ये ‘यूटीएफ-८ विदाउट बीओएम’ निवडून सेव्ह करा आणि फाइलीच्या शेवटी बंद करणारा टॅग लिहूच नका. ज्या फाइलीत नुसती पीएचपी असते तिथे तो लागत नाही.

आता एक गंमत जवळून बघण्यासारखी आहे. कोडमध्ये एखादं व्हेरिएबल द्यायचं राहिलं आणि सर्व्हरवर चुका दाखवण्याची सोय चालू असली, तर पीएचपी आपली वॉर्निंग सीएसएसच्या आतच छापते, बीआर आणि बी टॅगांसकट. ती तुमच्या पहिल्या नियमाच्या आधी पडली, तर ब्राउझरला वाटतं की हा सगळा मजकूर त्या नियमाच्या सिलेक्टरचाच भाग आहे. असा सिलेक्टर त्याला समजत नाही, म्हणून तो उघडणाऱ्या महिरपी कंसापासून बंद होणाऱ्या कंसापर्यंतचा अख्खा नियम टाकून देतो आणि पुढच्यापासून वाचायला लागतो. पुढचे नियम व्यवस्थित चालतात. त्यामुळे ‘बाकी सगळं लागतंय, पहिलाच नियम का लागत नाही’ म्हणून लोक सीएसएस तपासत बसतात, आणि खोट असते पीएचपीत. अशा वेळी स्टाइलशीटचा पत्ता थेट ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये टाकून उघडावा. वॉर्निंग तिथे उघड्यावर दिसते.

पीएचपीने छापायचं किती?

जुन्या धड्यांमध्ये सातशे-आठशे ओळींची सीएसएस पीएचपी फाइलीत टाकलेली दिसते, आणि मधूनमधून रंगाच्या जागी एको. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. २०१७पर्यंत सगळ्या प्रमुख ब्राउझरांत सीएसएसची स्वतःची व्हेरिएबल आली, त्यानंतर तसं करण्यात काही अर्थ उरलेला नाही. आठशे ओळी नेहमीच्या स्थिर फाइलीत ठेवा. पीएचपीने फक्त किंमती छापाव्यात, दिसायला अशा:

:रूट {
  --मुख्य-रंग: #एफएफ९९३३;
  --मजकूर-रंग: #००००००;
  --फॉन्ट-माप: १८पीएक्स;
}

स्थिर फाइलीत जिथे रंग लागतो तिथे ‘व्हार’ हे फंक्शन आणि कंसात व्हेरिएबलचं नाव. झालं. आठशे ओळी एकदाच उतरतात आणि ब्राउझरच्या कॅशेत (उतरवलेल्या फाइलींच्या साठ्यात) बसतात. बदलतात त्या या पाच-सात. वर्डप्रेसनेही २०२१च्या ५.८ आवृत्तीपासून थीम डॉट जेसन फाइल आणून हाच रस्ता धरला: तिच्यातले रंग सर्व्हर वाचतो आणि पानात सीएसएस व्हेरिएबल म्हणून छापतो.

व्हेरिएबलचं नाव देवनागरीत दाखवलं आहे, आणि हे एक प्रत्यक्षातही चालतं. सीएसएसच्या नावांमध्ये रोमनपलीकडची अक्षरं वैध आहेत, ‘--मुख्य-रंग’ असं खरोखर लिहिता येतं. फाइल यूटीएफ-८ असली म्हणजे झालं. तरी टीममध्ये काम करताना मी ते टाळण्याचाच सल्ला देईन. ‘ऱ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, एकसंध किंवा र आणि त्याखाली नुक्ता असं, आणि सीएसएस हे दोन्ही एकच आहेत असं मानत नाही. स्क्रीनवर दोन्ही नावं तंतोतंत सारखी दिसतात आणि रंग काही लागत नाही.

‘व्हार’मध्ये स्वल्पविरामानंतर पर्यायी किंमत देता येते, त्याबद्दल मात्र बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. पर्याय वापरला जातो तो व्हेरिएबल दिलेलंच नसेल तेव्हा. दिलं आहे पण किंमत भलतीच आहे, म्हणजे रंगाच्या जागी कोणी ‘पिवळाधमक’ लिहिलं आहे, तर पर्याय पुढे येत नाही. व्हेरिएबल काहीही पोटात घेतं, पार्श्वभूमीला लावताना ब्राउझरला कळतं की हा रंगच नव्हे, आणि पार्श्वभूमी सरळ पारदर्शक होते. त्याआधी लिहिलेला दुसरा नियमही मदतीला येत नाही. त्यामुळे किंमत तपासायची ती सर्व्हरवर, छापण्याआधी.

किंमती तपासणे

सगळ्यात वेळ इथे द्या. फॉर्ममध्ये रंग निवडायचा चौकोन ठेवला की ब्राउझर हॅश (#) आणि सहा अक्षरं अशीच किंमत पाठवतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण फॉर्मला वळसा घालून सर्व्हरकडे काहीही पाठवता येतं. रंगाच्या जागी कोणी रंग, मग बंद करणारा महिरपी कंस आणि पुढे स्वतःचे नियम पाठवले, तर ते तुमच्या साइटवर लागू होतात. तेवढ्यावर थांबत नाही. ‘या इनपुटमधली किंमत अमुक अक्षराने सुरू होत असेल तर पार्श्वभूमीचं चित्र अमुक पत्त्यावरून आण’ असे नियम सीएसएसमध्ये लिहिता येतात, आणि त्यावरून पानातली गुप्त टोकन एकेका अक्षराने बाहेर काढण्याची पद्धत सुरक्षा तपासणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. ‘एचटीएमएल-स्पेशल-चार्स’ हे फंक्शन इथे पुरत नाही. ते एचटीएमएलसाठी आहे, महिरपी कंस आणि अर्धविराम त्याच्या हिशेबात नसतात.

म्हणून नको ते गाळत बसण्यापेक्षा हवं तेवढंच आत घ्या. रंगासाठी ‘प्रेग-मॅच’ (मजकूर ठरलेल्या नमुन्यात बसतो का ते बघणारं फंक्शन): सुरुवातीला हॅश, मग शून्य ते नऊ किंवा ए ते एफ यांपैकी बरोबर सहा, आणि संपलं. ‘संपलं’साठी डॉलरचं चिन्ह लावायची सवय असते, पण डॉलर शेवटी एक नवी ओळ खपवून घेतो, त्याऐवजी बॅकस्लॅश आणि लहान झेड लावा. मापासाठी ‘फिल्टर-व्हार’ हे फंक्शन पूर्णांक आहे का ते बघतं आणि किमान-कमाल मर्यादाही घालू देतं, समजा १४ ते २२. ‘पीएक्स’ वापरणाऱ्याकडून घेऊच नका, ते तुमच्या कोडने जोडायचं. फॉन्टसाठी सरळ यादी: मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी. डेटाबेसमध्ये यादीतला क्रमांक ठेवायचा आणि नाव कोडमधून छापायचं.

मराठी साइटवर हमखास येणारी एक गोष्ट. अ‍ॅडमिन पॅनल वापरणाऱ्या बाईंचा कीबोर्ड मराठीवर असतो आणि त्या मापाच्या रकान्यात १८ असे देवनागरी आकडे टाइप करतात. पीएचपीत त्याचं सक्तीने पूर्णांकात रूपांतर केलं तर हातात शून्य येतं, आणि तसंच सीएसएसमध्ये छापलं तर ब्राउझरला तो आकडा वाटतच नाही. रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (म्हणजे ‘प्रेग-मॅच’च्या नमुन्यात) ‘कोणताही अंक’ अशी खूण लिहून त्याला युनिकोडचा यू जोडला, तर देवनागरी आकडेही पास होऊ शकतात, म्हणून तिथे शून्य ते नऊ असं स्पष्टच लिहा. आणि बाईंना चूक दाखवत बसू नका. तपासण्याआधी ‘एसटीआर-टीआर’ला दहा जोड्या देऊन देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घ्या.

अपूर्णांक छापत असाल आणि होस्टिंगवर पीएचपी ८च्या आधीची असेल, तर आणखी एक खाच आहे. जुनी पीएचपी दशांश चिन्ह लोकेलनुसार (सर्व्हरवर निवडलेल्या भाषा-देशानुसार) छापते. जर्मन लोकेलमध्ये १.५च्या जागी १,५ येतं आणि नियम बाद होतो. ८.०पासून नेहमी टिंबच येतं.

तपासणीत नापास झालेली किंमत आली तर एरर नको, तुमची ठरलेली मूळ किंमत छापा. स्टाइलशीटने कधीही रडू नये.

सर्व्हरचा खरा फायदा: मजकुराचा रंग स्वतः ठरवणं

क्लायंट एक रंग निवडतो. त्यावर अक्षरं पांढरी असावीत की काळी, हे त्याला विचारू नका. मंडळांच्या साइट बघा: भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरं, आणि उन्हात मोबाइल धरला की काही म्हणजे काही वाचता येत नाही. हा निर्णय गणिताने होतो आणि सर्व्हरवर दहा ओळींत बसतो.

डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या मानकात नेहमीच्या मजकुरासाठी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ला १ हवा असं सांगितलं आहे. मोजायचं असं. हॅशनंतरच्या सहा अक्षरांचे दोन-दोनचे तीन तुकडे करा, ‘हेक्स-डेक’ने आकड्यांत आणा आणि २५५ने भागा. आलेली किंमत ०.०३९२८ किंवा त्याहून कमी असेल तर १२.९२ने भागा, जास्त असेल तर तिच्यात ०.०५५ मिळवा, १.०५५ने भागा आणि २.४चा घात करा. मग लाल गुणिले ०.२१२६, हिरवा गुणिले ०.७१५२, निळा गुणिले ०.०७२२, आणि तिघांची बेरीज. ही त्या रंगाची उजळता. दोन रंगांचा कॉन्ट्रास्ट म्हणजे दोन्हींच्या उजळतेत ०.०५ मिळवून मोठीला लहानीने भागायचं.

वर घेतलेला भगवा, एफएफ-९९-३३, यातून काढून बघा. लाल १ येतो, हिरवा सुमारे ०.३१९, निळा ०.०३३, उजळता ०.४४च्या आसपास. पांढऱ्याशी कॉन्ट्रास्ट साधारण २.१, काळ्याशी जवळपास ९.९. म्हणजे पांढरी अक्षरं अर्ध्या गुणांनाही पोहोचत नाहीत. दर वेळी दोन्हीकडून मोजायचीही गरज नाही: उजळता ०.१७९पेक्षा जास्त असेल तर काळा, नाहीतर पांढरा. त्या आकड्याला दोन्हींचा कॉन्ट्रास्ट सारखाच येतो.

आलेला रंग ‘--मजकूर-रंग’मध्ये छापा. क्लायंट म्हणेल, ‘पण मला पांढरंच हवंय.’ त्याला अधिक गडद भगवा सुचवा, अक्षरं आपोआप पांढरी होतील.

कुठे छापायचं: तीन जागा

आतापर्यंतची ‘रंग डॉट पीएचपी’ शिकायला ठीक आहे. चालत्या साइटवर तिचा एक मोठा तोटा आहे. स्टाइलशीट येईपर्यंत ब्राउझर पान रंगवायचं थांबवून ठेवतो, म्हणजे प्रत्येक नव्या पाहुण्याला तुमच्या पीएचपीची आणि डेटाबेसची वाट बघावी लागते. त्यात त्या फाइलीत कोणी ‘सेशन-स्टार्ट’ (पाहुण्याची लॉगिनसारखी माहिती लक्षात ठेवणारं फंक्शन) लिहिलेलं असेल तर आणखी बिघाड. सेशन सुरू होताच पीएचपी ‘कॅशे करू नका’ असे हेडर स्वतःहून पाठवते (त्यातली मुदत संपल्याची तारीख १९ नोव्हेंबर १९८१ असते, ही तारीख नेटवर्क टॅबमध्ये दिसली की समजायचं कुठेतरी सेशन उघडलंय). शिवाय सेशनची फाइल कुलूपबंद होते, आणि त्याच माणसाची दुसरी रिक्वेस्ट ते उघडेपर्यंत खोळंबते. स्टाइलशीटला सेशनची गरज नाही. काढून टाका.

किंमती दहाच्या आत असतील तर माझी पसंती सरळ पानातच छापण्याला. पान पीएचपीच तयार करते आहे, तिथेच हेडमध्ये स्टाइल टॅगात त्या पाच-सात ओळी टाका, स्थिर फाइलीच्या लिंकनंतर. वेगळी रिक्वेस्ट नाही, कॅशेची भानगड नाही. साइटवर कडक कॉन्टेन्ट सिक्युरिटी पॉलिसी (पानात काय चालू द्यायचं याचे सर्व्हरने ब्राउझरला दिलेले नियम) असेल तर त्या टॅगला नॉन्स (दर वेळी नवा तयार होणारा परवानगीचा शब्द) द्यावा लागेल, नाहीतर ब्राउझर तो अडवेल. वर्डप्रेसमध्ये हेच काम ‘डब्ल्यूपी-अ‍ॅड-इनलाइन-स्टाइल’ करतं आणि रंग तपासायला ‘सॅनिटाइझ-हेक्स-कलर’ तयार आहे.

किंमती जास्त असतील, किंवा काही पूर्ण नियमच बदलत असतील, तर सेव्हचं बटण दाबताक्षणी फाइल लिहून टाका. रंग वर्षातून दोनदा बदलतो आणि साइट रोज हजारदा उघडते. काम बदलाच्या वेळी करावं. ‘फाइल-पुट-कॉन्टेन्ट्स’ने आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि मग ‘रीनेम’ने खऱ्या नावावर आणा. थेट खऱ्या फाइलीत लिहिलं तर अर्धवट लिहिलेल्या क्षणी आलेल्या पाहुण्याला अर्धीच स्टाइलशीट मिळते. ज्या फोल्डरमध्ये लिहायचं त्याची परवानगी फक्त तेवढ्यापुरती द्या, अख्ख्या साइटला ७७७ (म्हणजे कोणीही वाचा, लिहा, चालवा) देऊन मोकळे होऊ नका.

फाइलीच्या नावात मजकुराच्या एमडी-५ची (मजकुरावरून निघणाऱ्या छोट्या ठशाची) पहिली आठ अक्षरं घाला आणि ते नाव डेटाबेसमध्ये ठेवा. रंग बदलला की नाव बदलतं, आणि ब्राउझर नवी फाइल आणतोच. त्यामुळे ‘कॅशे-कंट्रोल’मध्ये ‘पब्लिक, मॅक्स-एज=३१५३६०००, इम्युटेबल’ असं वर्षभराचं बिनधास्त सांगता येतं. ‘मी रंग बदलला पण दिसत नाही’ हा क्लायंटचा फोन बंद होतो तो इथे.

काही कारणाने पीएचपी फाइलच चालू ठेवावी लागली, तर निदान ईटॅग (फाइलीची ओळख सांगणारा हेडर) पाठवा: मजकुराचा एमडी-५ काढा, ब्राउझरने ‘इफ-नन-मॅच’मध्ये तोच पाठवला असेल तर ३०४ (‘काही बदललेलं नाही’) देऊन बाहेर पडा. क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढे बसून फाइली कॅशे करणारी सेवा) मुळात फाइलीच्या एक्स्टेन्शनवरून कॅशे करायचं की नाही ते ठरवतं. सीएसएस त्याच्या यादीत आहे, पीएचपी नाही. एचटीअ‍ॅक्सेसमधल्या (अपाची सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीतल्या) एका रीराइट नियमाने बाहेरचं नाव ‘रंग डॉट सीएसएस’ करून घेता येतं. पण असं कॅशे चालू केल्यावर उत्तर कुकीवर अवलंबून ठेवू नका, नाहीतर एकाने निवडलेली थीम दुसऱ्याला दिसायला लागेल. शाळा ओळखायची ती डोमेनवरून, आणि डोमेन आपल्या यादीत आहे का ते बघून. पत्त्यात आलेलं शाळेचं नाव तसंच फाइलीच्या मार्गात जोडलं, तर कोणीतरी टिंब-टिंब-स्लॅश लावून फोल्डरच्या बाहेर फिरून येईल.

लाइव्ह करण्याआधी

डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा, स्टाइलशीटच्या ओळीवर क्लिक करा: टाइप टेक्स्ट/सीएसएस आहे का, दुसऱ्यांदा उघडल्यावर ती कॅशेतून येते का. मग अ‍ॅडमिन पॅनलमध्ये मुद्दाम वाईट वागा. रंगाचा रकाना रिकामा सोडा, त्यात महिरपी कंस टाका, माप देवनागरीत द्या, ९९९ द्या. डेटाबेस बंद करून पान उघडा. रंग मूळचे यावेत, पण मांडणी जागची हलता कामा नये. लाइव्ह सर्व्हरवर ‘डिस्प्ले-एरर्स’ बंद आणि चुका लॉगमध्ये. फाइली लिहिणारी पद्धत घेतली असेल तर जुन्या आठ-अक्षरी फाइली साठत जातात. महिन्याभरापूर्वीच्या काढून टाकणारा एक छोटा क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा, फक्त सध्या चालू असलेलं नाव डेटाबेसमधून वाचून त्याला वगळायला विसरू नका, कारण ज्या शाळेने वर्षभर रंगच बदललेला नाही तिची फाइलही जुनीच असते.